टेंपल स्कूल, बॉस्टन: ब्रॉन्सन ऑल्कटच्या शाळेची मुळं आणि तिचा शेवट

बॉस्टनच्या ट्रेमाँट रस्त्यावर मेसॉनिक टेंपल नावाची मोठी इमारत होती. २२ सप्टेंबर १८३४ रोजी तिच्यातल्या एका प्रशस्त दालनात तीसेक मुलामुलींची शाळा भरली. मुलं बहुतेक दहा वर्षांखालची. मास्तर आमोस ब्रॉन्सन ऑल्कट, वय चौतीस. पहिल्याच दिवशी त्याने एकेका मुलाला विचारलं, आपण शाळेत कशाला येतो? ‘शिकायला,’ मुलं म्हणाली. काय शिकायला? मुलांनी विषयांची नावं घेतली. तो विचारत राहिला, आणि बोलणं शेवटी इथे येऊन ठेपलं: मनात योग्य भाव यावेत, योग्य विचार करता यावा, योग्य वागता यावं, यासाठी आपण येतो.

ही शाळा जेमतेम चार वर्षं चालली. सुरुवातीला शहरातली मातब्बर घरं तिथे मुलं पाठवत होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांचा नातू तिथला विद्यार्थी होता. १८३७ च्या एप्रिलमध्ये शाळेचं सामान आणि पुस्तकं लिलावात निघाली. १८३८ मध्ये शाळा बंद झाली.

ऑल्कटचा उल्लेख आला की ‘काळाच्या पुढचा शिक्षक’ असं म्हणून लोक पुढे जातात. मला हे पटत नाही. घोकंपट्टीऐवजी संवाद, छडीला पर्याय, मुलांच्या रोजनिशा, सजवलेला वर्ग हे आपल्याला आजचं वाटतं, म्हणून आपण त्याला पुढचा ठरवतो. त्याच्या मनात मात्र यातली प्रत्येक गोष्ट फार जुन्या श्रद्धांमधून आली होती. त्या श्रद्धा बाजूला ठेवल्या तर शाळा का भरली हेही कळत नाही आणि का बुडाली हेही.

नावाचा एक घोळ आधी दूर करतो. १८७९ मध्ये मुंबईत उतरलेले थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कट ते हे नव्हेत. मराठी वाचकाला हा ऑल्कट ओळखीचा आहे तो मुलीमुळे. शान्ता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणलेल्या कादंबरीची लेखिका लुइझा मे ऑल्कट ही त्याची दुसरी मुलगी. कादंबरीतले वडील बराच काळ घरापासून दूर असतात. खरे वडील मुलींच्या शिक्षणात पूर्ण बुडालेले होते.

स्पिंडल हिल, व्हर्जिनिया, फिलाडेल्फिया

ऑल्कटचा जन्म २९ नोव्हेंबर १७९९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या वोलकॉट गावच्या स्पिंडल हिल वस्तीवरचा. घर शेतकऱ्याचं, आडनाव तेव्हा ऑल्कॉक्स. औपचारिक शाळा त्याला तुटपुंजी मिळाली. आईने घरातल्या लाकडी जमिनीवर कोळशाने अक्षरं गिरवून घेतली. वयात येता येता काही काळ तो घड्याळाच्या कारखान्यात राबला. या काळात त्याच्यावर ठसा उमटवणारं पुस्तक एकच, जॉन बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’: एका जिवाची पापाच्या नगरीतून स्वर्गाच्या नगरीपर्यंतची वाटचाल. ते त्याच्या मालकीचं नव्हतं, तो ते चुलतभावाबरोबर पुन्हा पुन्हा वाचायचा.

न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या) कर्मठ ख्रिस्ती प्युरिटन परंपरेत मुलाबद्दल दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. पहिली, मूल पापासकट जन्माला येतं. तिथल्या बालवाचनाच्या पुस्तकात ‘अ’ अक्षर शिकवतानाच आदमच्या पतनात आपण सगळे पापी झालो, हे पाठ करून घेत. दुसरी, प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाची रोज झडती घ्यायची. त्यासाठी रोजनिशी ठेवायची, आज मन कुठे घसरलं ते लिहून काढायचं. ऑल्कटने पहिली गोष्ट पार टाकून दिली. दुसरी मात्र त्याने जशीच्या तशी ठेवली, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही लावली. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून ती आधीच सांगितली.

१८१८ मध्ये तो दक्षिणेत व्हर्जिनियाला गेला. शिकवण्याची नोकरी मिळेल अशी आशा होती. ती मिळाली नाही, तेव्हा तो पाठीवर किरकोळ सामानाची पेटी घेऊन फेरीवाला झाला. पाच-एक वर्षं व्हर्जिनिया आणि कॅरोलायना प्रांतांत हिंडला. मळेवाल्यांच्या घरी मुक्काम पडे, तिथल्या ग्रंथसंग्रहात तो वाचत बसे, त्यांची बोलण्या-वागण्याची रीत न्याहाळे. (ती घरं गुलामांच्या श्रमावर उभी होती. पुढे तो गुलामगिरीचा कडवा विरोधक झाला.) धंद्यात शेवटी कर्जच झालं. पण नॉर्थ कॅरोलायनात त्याला क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक भेटले, आणि त्यांच्याकडची जॉर्ज फॉक्स, विल्यम पेन, बार्कली, जॉन वुलमन यांची पुस्तकं हाती आली. क्वेकर म्हणत की प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश असतो, तो पाहायला पाद्री लागत नाही. शांत बसा, तो बोलेल. पापी मुलाच्या कल्पनेवर वाढलेल्या तरुणाला हे ऐकून किती हायसं वाटलं असेल!

तरीही शिक्षक म्हणून त्याची सुरुवात क्वेकरांपासून झाली नाही. १८२५ ते १८२७ या काळात कनेक्टिकटमधल्या चेशायरच्या शाळेत त्याने जे केलं त्यावर इंग्लिश तत्त्वज्ञ लॉक आणि शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी या दोघांची छाप आहे. लॉकच्या मते मन ही कोरी पाटी, ज्ञान इंद्रियांतून येतं. स्वित्झर्लंडचा पेस्टालोझी म्हणे, आधी वस्तू, मग शब्द. शिक्षकाने आईसारखी माया करावी. ऑल्कटने बाकांना पाठ टेकायची सोय केली, वर्ग डहाळ्यांनी सजवला, प्रत्येकाच्या हाती पाटी दिली, पदरच्या पैशाने पुस्तकं आणली. गावकऱ्यांना हे लाड वाटले आणि त्यांनी मुलं काढून घेतली. पुढे जे बॉस्टनमध्ये मोठ्या आवाजात घडलं ते इथे हळू आवाजात घडून गेलं होतं.

विचार बदलला तो घरात. १८३० मध्ये त्याचं ॲबिगेल मे हिच्याशी लग्न झालं. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये शाळा चालवत असताना १८३१ मध्ये ॲना जन्मली, १८३२ मध्ये लुइझा. दोघींच्या जन्मापासून तो त्यांच्या हालचाली, रडणं, पाहणं, हट्ट यांच्या तपशीलवार नोंदी ठेवू लागला. शेकडो पानं भरली. लॉकला प्रमाण मानून पाटीवर काय उमटतं ते टिपायचं, असा बेत होता. पण पाटी कोरी दिसेना. मूल काहीतरी घेऊनच आलं आहे, अशी त्याची खात्री होत गेली. १८३३ च्या सुमाराला फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयांत तो प्लेटो आणि इंग्लिश कवी-विचारवंत कोलरिज वाचत होता, आणि त्या खात्रीला तिथे शब्द मिळाले. प्लेटो म्हणतो, आत्मा जन्माआधी असतो, आणि शिकणं म्हणजे त्याला आठवणं. कोलरिजच्या ‘एड्स टू रिफ्लेक्शन’ची अमेरिकन आवृत्ती जेम्स मार्शने १८२९ मध्ये काढली होती. इंद्रियांवर चालणाऱ्या व्यवहारी बुद्धीपलीकडे सत्य थेट पाहणारी एक वरची शक्ती माणसात आहे, हे तिचं सांगणं. वर्डस्वर्थच्या ज्या कवितेत मूल आपल्या मूळ घराच्या तेजाचे ढग मागे ओढत जन्माला येतं, ती ऑल्कटची आवडती. पुढे वर्गात तो ती मुलांना वाचून दाखवी.

इथे आपल्याकडच्या वाचकाला उपनिषदं आणि गीता आठवतील, आणि कॉन्कॉर्ड गावच्या इमर्सन, थोरो वगैरे मंडळींवर भारतीय विचारांचा प्रभाव होता हे आपण अभिमानाने सांगतो. तो प्रभाव खरा आहे, पण या शाळेच्या मुळांत तो जोडू नये. ऑल्कट गीतेत रमल्याच्या नोंदी १८४६ च्या आहेत. टेंपल स्कूल तोवर कधीच बंद झाली होती. तिचा आत्मा प्लेटोचा, क्वेकरांचा आणि बन्यनचा.

खोली

खोलीचं वर्णन ऑल्कटची साहाय्यक शिक्षिका एलिझाबेथ पामर पीबॉडीने नीट लिहून ठेवलं आहे. चार कोपऱ्यांत चौथऱ्यांवर सॉक्रेटिस, शेक्सपिअर, मिल्टन आणि स्कॉट यांचे अर्धपुतळे. एका मोठ्या गॉथिक खिडकीपुढे ओठांशी बोट धरलेली मौनाची मूर्ती. समोर मास्तरांचं दहा फुटी अर्धवर्तुळाकार टेबल, त्यावर वर पाहणाऱ्या बाळाची छोटी आकृती. मागच्या पुस्तकांच्या कपाटात ख्रिस्ताचं उठावशिल्प असं बसवलेलं की मुलांना ते बरोबर मास्तरांच्या डोक्यावर दिसावं, आणि कपाटाच्या माथ्यावर प्लेटो.

ही मांडणी म्हणजे ऑल्कटचं तत्त्वज्ञानच होतं. ख्रिस्त आणि सॉक्रेटिस हे त्याच्या लेखी एकाच व्यवसायातले, प्रश्न विचारून शिकवणारे शिक्षक. १८३६ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने येशूला आदर्श गुरू म्हणून उभं केलं आणि संवाद हे शिकवण्याचं सर्वश्रेष्ठ साधन ठरवलं. हे सगळं सामान उधारीवर आलं होतं, हेही लक्षात ठेवावं. लिलावाची वेळ आली ती त्यामुळेच.

छडीचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. चुकलेल्या दोन मुलांना त्याने सांगितलं, आज छडी मी खाणार, मारणार तुम्ही. मुलांनी हलकेच टेकवली. त्याने विचारलं, तुमच्या चुकीची किंमत एवढीच? मग त्यांना जोरात मारावं लागलं, आणि स्वतः मार खाताना कधी न रडलेली ती मुलं रडली. लुइझाने ‘लिट्ल मेन’ या कादंबरीत हा प्रसंग वापरला. आज आपण याला अहिंसक शिस्त म्हणू. पण दुसऱ्याच्या पापाची शिक्षा निष्पापाने अंगावर घ्यावी आणि ते पाहून पापी बदलावा, ही ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याची कल्पना आहे. ऑल्कट वर्गात वधस्तंभाचा धडा गिरवत होता. त्याने छडी पूर्ण सोडलीही नव्हती. आधी वर्गाची संमती घेऊन त्याने ती वापरली होती.

अशी शाळा बॉस्टनमध्ये इतकी वर्षं तरी कशी चालली? तिथल्या वजनदार घरांचा धर्म युनिटेरियन, म्हणजे उदारमतवादी ख्रिस्ती, होता म्हणून. विल्यम एलरी चॅनिंगसारख्या धर्मोपदेशकांनी आदिपापाची कल्पना आधीच मोडीत काढली होती, माणसात ईश्वराचं साम्य आहे असं ते उघड सांगत. मूल मुळात चांगलं आहे, हे या पालकांना मान्य होतं. चॅनिंगचा पाठिंबाही मिळाला. तेव्हा, ऑल्कट आणि बॉस्टन यांच्यात सगळंच विरुद्ध होतं असं नाही. अर्ध्या वाटेपर्यंत ते बरोबर चालत होते.

पीबॉडीची वही

पीबॉडी लॅटिन आणि गणित शिकवायला आली. पगाराचं आश्वासन होतं, पैसे नीट कधी मिळाले नाहीत. वर्गातलं बोलणं ती जवळजवळ शब्दशः उतरवून घेई. त्यातून १८३५ मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ अ स्कूल’ हे पुस्तक निघालं आणि शाळेचं नाव झालं. त्या वर्षी जन्मलेल्या तिसऱ्या मुलीचं नाव ऑल्कट दांपत्याने कौतुकाने एलिझाबेथ पीबॉडी ठेवलं.

या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला पीबॉडीने एक खुलासेवार प्रस्तावना जोडली, आणि तिच्यात आपले मतभेद नोंदवले. मुलांना सतत आपल्या मनात डोकवायला लावणं, रोजनिशी सगळ्यांच्या कानी पडणं, एकाच्या वागण्याची चर्चा सगळ्या वर्गाने करणं हे तिला खटकत होतं. ज्या प्युरिटन झडतीचा मी वर उल्लेख केला, तीच ही. पाप गेलं, तरी झडती राहिली. उलट ती वाढली, कारण आता आत पापाऐवजी ईश्वर शोधायचा होता आणि तो सापडल्याशिवाय मास्तरांचं समाधान होत नव्हतं.

संवादांच्या नोंदी वाचताना मला दुसरीही एक गोष्ट बोचते. ऑल्कट प्रश्न विचारतो, मुलांची उत्तरं घेतो, कुणाला असं वाटतं म्हणून हात वर करायला लावतो. पण बऱ्याच प्रश्नांत उत्तर आधीच दडलेलं असतं. मुलाच्या आत सत्य आहे अशी त्याची श्रद्धा होती, आणि ते सत्य कोणतं हेही त्याला आधीच ठाऊक होतं. या दोन गोष्टी एका माणसात असल्या की संवादाचा धर्मोपदेश व्हायला वेळ लागत नाही. प्लेटोच्या संवादांतही हे घडतं. मात्र तिथे सॉक्रेटिससमोर सहसा हुज्जत घालू शकणारी मोठी माणसं असतात, इथे सहा वर्षांची मुलं होती.

आणि तरीही ती मुलं काय बोलली आहेत! तिथल्या कुठल्याही शाळेत त्या काळी कुणी मुलाला विचारलं नसेल की आत्मा म्हणजे काय, विवेक कसा बोलतो, तुला स्वतःबद्दल काय वाटतं. विचारून उत्तर लिहून घेणं तर दूरच. ही नोंद अस्तित्वात आहे, याचं मोल मला फार वाटतं.

दोन खंड

पुढचा प्रकल्प होता गॉस्पेलवरचे, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांवरचे, संवाद. येशूच्या जन्मकथेवर बोलताना ऑल्कट साहजिकच जन्म या विषयाकडे वळला. बाळंतपण तो अगदी अलवार, धार्मिक शब्दांत बोलला: आई आपला देह ईश्वराच्या हाती देते, आणि तिच्या साहाय्याने तो आत्म्याला एक छोटं शरीर मिळवून देतो. शरीर कशाचं बनतं, यावर सहा वर्षांच्या जोसाया क्विन्सीने, हार्वर्डच्या अध्यक्षांच्या त्या नातवाने, लोकांच्या वाईट वागण्याशी त्याचा संबंध जोडणारं बालसुलभ उत्तर दिलं.

पीबॉडीला पुढे काय होणार हे दिसलं. ७ ऑगस्ट १८३६ च्या पत्रात तिने ऑल्कटला कळवलं की हे भाग वगळावेत आणि आपलं नाव त्यांच्याशी जोडलं जाऊ नये. ती शाळा सोडून गेली. वही तिची बहीण सोफियाने काही काळ चालवली. डिसेंबरमध्ये लेखिका मार्गारेट फुलर साहाय्यक म्हणून आली. ऑल्कटने वादग्रस्त मजकूर मूळ जागेवरून काढला खरा, पण पुस्तकाच्या मागे टिपांत घातला, वर ‘संपादकाने पुन्हा समाविष्ट केलेला’ असा शेराही मारला. लपवल्यासारखं करून बोट दाखवलं, त्यामुळे लोकांनी आधी तेच वाचलं. पहिला खंड डिसेंबर १८३६ मध्ये आला, दुसरा फेब्रुवारी १८३७ मध्ये. तिसऱ्या मुलीच्या नावातलं पीबॉडी काढून सीवॉल घालण्यात आलं. ‘चौघीजणी’तली बेथ ती हीच.

नेथन हेलच्या ‘डेली अ‍ॅडव्हर्टायझर’ने आणि जोसेफ बकिंगहॅमच्या ‘कुरिअर’ने, बॉस्टनच्या या दोन वृत्तपत्रांनी, पुस्तकावर हल्ला चढवला. बकिंगहॅमने एका विद्वानाचं मत म्हणून छापलं की पुस्तकाचा एक तृतीयांश भाग मूर्खपणाचा, एक तृतीयांश ईश्वरनिंदेचा आणि एक तृतीयांश अश्लील आहे. हे मत हार्वर्डच्या बायबल-पंडित अँड्र्यूज नॉर्टनचं मानलं जातं. इमर्सनने ऑल्कटच्या बाजूने वृत्तपत्राला लिहिलं, पण उपयोग झाला नाही.

‘अश्लील’ या शब्दाने सगळ्यांचं लक्ष वेधलं. खरी मेख ‘ईश्वरनिंदा’ या शब्दात होती. नॉर्टन आदिपाप मानणारा नव्हता, युनिटेरियनच होता. पण त्याचा ख्रिस्ती धर्म पुराव्यावर उभा होता: गॉस्पेल अस्सल आहेत हे भाषा आणि इतिहास जाणणाऱ्या पंडितांनी सिद्ध करायचं, चमत्कारांची साक्ष तपासायची, मग बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. गॉस्पेलच्या अस्सलपणावरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १८३७ मध्येच निघाला. त्याच सुमारास एक माजी फेरीवाला सहा वर्षांच्या मुलांना विचारत होता की या वचनाचा अर्थ तुझ्या आतून काय येतो. मुलाच्या उत्तराला वजन द्यायचं, तर पंडिताची गरज उरत नाही. क्वेकरांचा अंतःप्रकाश असा हार्वर्डच्या दारात येऊन उभा राहिला होता. आणि ईश्वरनिंदा हा तेव्हा केवळ शिवीचा शब्द नव्हता. त्याच शहरात ॲब्नर नीलंड या मुक्तविचारवाद्यावर ईश्वरनिंदेच्या कायद्याखाली खटला चालू होता, आणि १८३८ मध्ये त्याला साठ दिवस तुरुंगात काढावे लागले.

पालकांनी मुलं काढली. चाळिशीच्या आसपास गेलेला पट १८३७ च्या वसंतात दहावर आला. त्याच वसंतात देशावर मोठं आर्थिक संकट कोसळलं, मे महिन्यात बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणं देणं थांबवलं. महागड्या खासगी शाळेला त्याचाही फटका बसला असणार. सगळा दोष वृत्तपत्रांवर टाकणं बरोबर नाही. पुस्तकाच्या न खपलेल्या शेकडो प्रती पुढे पेट्या बनवणाऱ्यांकडे रद्दी म्हणून गेल्या.

टेंपलमधली शाळा संपल्यावर ऑल्कटने राहत्या घरी छोटी शाळा चालवली. १८३९ मध्ये तिथे त्याने एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. पालकांनी सांगितलं, तिला काढा. त्याने नकार दिला, आणि जवळजवळ सगळी मुलं गेली. मागे राहिली ती मुलगी, ऑल्कटच्या स्वतःच्या मुली आणि एका मित्राचं मूल. जून १८३९ मध्ये हीही शाळा बंद झाली. प्रत्येक जिवात एकच प्रकाश आहे, हे वाक्य बॉस्टनमध्ये अनेकजण म्हणत होते. त्याची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा ऑल्कटने ती मोजली. त्याच्या पद्धतीबद्दल मी वर जी तक्रार केली ती कायम ठेवून सांगतो, या दिवसाबद्दल मला त्याचा निखळ आदर आहे.

इंग्लंडमध्ये मात्र त्याच्या कल्पनांना घर मिळालं होतं. पेस्टालोझीबरोबर काम केलेल्या जेम्स पिअरपाँट ग्रीव्ह्ज याने १८३८ मध्ये लंडनजवळच्या हॅम इथे शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘ऑल्कट हाउस’. अमेरिकेत ऑल्कट १८५९ मध्ये कॉन्कॉर्डच्या शाळांचा अधीक्षक झाला.

पीबॉडीने १८६० मध्ये बॉस्टनमध्ये बालवाडी उघडली. इंग्रजीतून चालणारी ती अमेरिकेतली पहिली. तिचा गुरू आता बालवाडीची कल्पना मांडणारा जर्मनीचा फ्रोबेल होता. १८७४ मध्ये तिने ‘रेकॉर्ड’ची नवी आवृत्ती काढली. ऑल्कटवरची श्रद्धा तिने त्यात लपवली नाही, पण प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं: त्याच्या पद्धतीच्या तपशिलांबद्दल मला शंका वाटू लागली आहे, आणि निदान सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आत्मपरीक्षणापेक्षा हातांनी काही घडवत वाढवण्याची फ्रोबेलची वाट अधिक निकोप आहे. पुस्तकातला वर्गसंवाद मात्र तिने पुन्हा छापला.